उमरदऱ्याची ऐजन विहीर

माणसाला तहान लागते ही गोष्ट सर्वमान्य आहे. परंतु ती लागली याला पुरावा काय, हा प्रश्न फार थोड्यांना पडतो. ज्यांना पडतो त्यांना संशोधक म्हणतात. हिंगोलीत असे संशोधक एकच होते, विश्वंभरराव. त्यांच्या हाताखाली मी, राधाकृष्ण, सतरा वर्षं नकलनवीस आहे, म्हणून या विषयावर बोलायचा मला थोडाफार अधिकार आहे. (नकलनवीस म्हणजे एकानं लिहिलेलं दुसऱ्यासाठी उतरवून काढणारा. लोकांना हे काम सोपं वाटतं. लोकांना काय, काहीही वाटतं.)

आमच्या संस्थेचं नाव ग्रामजल माहिती व संशोधन मंडळ. कचेरी पुनमचंद शेठच्या अडतीच्या माडीवर. खाली मिरच्यांची पोती उतरली की वर संशोधन थांबायचं, कारण शिंकताना अक्षर बिघडतं. खोलीत दोन टेबलं, एक कपाट, एक माठ आणि दगडोबा नावाचा चपराशी. माठ दिवसातून दोनदा भरावा लागे. पाण्यावर काम करणाऱ्यांना पाणी फार लागतं, हे दगडोबाचं निरीक्षण होतं, पण तो पदवीधर नसल्यामुळे ते अहवालात घेता आलं नाही.

मंडळाचं काम असं की हिंगोलीच्या आसपासच्या गावांत पिण्याच्या पाण्याची काय स्थिती आहे ते शोधायचं आणि अहवाल वर पाठवायचा. फसली तेराशे अठ्ठेचाळीस साली, म्हणजे इंग्रजी एकोणचाळीसच्या सुमाराला, वरून हुकूम आला की ज्या गावांत विहीर नाही अशा पाच गावांना सरकारी विहिरी खोदून मिळतील, आणि ती गावं मंडळाच्या अहवालावरून ठरतील. अहवालात ज्या गावापुढे विहीर नाही, त्याला विहीर. ज्या गावापुढे आहे, त्याला नाही. इतका सरळ कारभार मी पुढे कधी पाहिला नाही.

विश्वंभरराव हैदराबादेहून बी. ए. होऊन आलेले. माणूस सज्जन, अगदी भिडस्त. स्वतःच्या घरातसुद्धा चहा मागताना अवघडायचे. संशोधन शुद्ध पाहिजे, हा त्यांचा ध्यास, आणि शुद्धतेचे नियम त्यांनी स्वतः घालून दिले होते. ते ऐकून पुण्याचा एक पाहुणा इतका भारावला की त्याच गाडीनं परत गेला.

पहिला नियम संमतीचा. कोणाही माणसाला त्याच्या संमतीवाचून प्रश्न विचारायचा नाही. आता संमती घ्यायची तर ‘तुम्हाला काही विचारू का’ असं विचारावं लागतं, आणि हाही प्रश्नच झाला, तेव्हा त्याच्यासाठी आधी वेगळी संमती पाहिजे. या अडचणीवर आम्ही दोघांनी एक अख्खा उन्हाळा घालवला. शेवटी असं ठरलं की कोणाला काहीच विचारू नये, यातच सभ्यपणा आहे. त्यामुळे सतरा वर्षांत मंडळानं एकशे बेचाळीस गावांचा अभ्यास केला आणि एकाही माणसाला तकलीफ दिली नाही. तकलीफ शून्य. हा आकडा मी दोनदा तपासला आहे.

दुसरा नियम गुप्ततेचा. गावात पाणी नाही हे चारचौघांत कळलं तर गावाची अब्रू जाते, पोरांना मुली मिळत नाहीत. म्हणून अहवालात नावं नाहीत, नुसते नंबर. कोणता नंबर कोणत्या गावाचा हे लिहिलेली वही कपाटात, आणि ती फक्त सरकारनं पाहायची. ज्या गावाची माहिती, त्या गावाला तर ती मुळीच दाखवायची नाही, कारण गुपित फुटायचं ते नेहमी घरच्याच माणसाकडून फुटतं.

तिसरा नियम मला सर्वांत आवडायचा. ज्याचा एखाद्या गोष्टीत हितसंबंध आहे, त्याची त्या गोष्टीबद्दलची साक्ष ग्राह्य धरायची नाही. तहानलेल्या माणसाचा पाण्यात हितसंबंध असतो हे कोणीही कबूल करील. तेव्हा एखाद्या गावाच्या पाण्याबद्दल नि:पक्षपाती मत कोण देऊ शकेल, तर ज्यानं तिथलं पाणी कधी प्यायलेलं नाही आणि पुढेही प्यायचा विचार नाही तो. असे आम्ही दोघे होतो.

राहता राहिला कागद. कागदाला तहान लागत नाही, त्याची संमती घ्यावी लागत नाही, आणि तो कोणाच्या बाजूनं बोलत नाही. म्हणून मंडळाची सगळी माहिती जुन्या कागदांवरून घेतलेली असे. विश्वंभरराव तिला दुय्यम माहिती म्हणायचे, आणि म्हणताना त्यांचा आवाज देवघरात आल्यासारखा हळू व्हायचा. यातला मूळ कागद म्हणजे छावणीत पलटण होती त्या काळातली एक यादी. घोड्यांना वाटेत पाणी कुठं मिळेल ते पाहायला कोणी तरी केलेली. (त्या माणसानं गावोगाव फिरून विहिरीत डोकावून पाहिलं असावं असा संशय आहे. पण तो आता हयात नसल्यामुळे आम्ही ती गोष्ट मनावर घेतली नाही.)

इथे ऐजन या शब्दाबद्दल सांगितलं पाहिजे. वर लिहिलं तेच खाली, असं दाखवायचं असलं की आम्ही ऐजन लिहितो. तीन अक्षरांत सगळं काम होतं. आता राज्य बदललं, कचेऱ्यांतली उर्दू जाऊन मराठी येणार म्हणतात, येऊ द्या. ऐजन उर्दूतही ऐजनच होता आणि मराठीतही ऐजनच राहणार. या एका शब्दावर किती कचेऱ्या उभ्या आहेत हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही.

आमच्या यादीत चाळीस नंबरला हिवरदरी होती. तिच्यापुढे लिहिलेलं: एक वीहीर, पक्की, पाणी गोड. खाली एकेचाळीस नंबरला उमरदरा. उमरदऱ्यापुढे: ऐजन.

आणि उमरदऱ्यात विहीर नव्हती.

हे आम्हाला कळायचं काही कारण नव्हतं. पण एका बाजाराच्या दिवशी मंजुळाबाई नावाची बाई जिना चढून वर आली. वय पन्नाशीच्या पुढे, कमरेवर घागर, घागरीच्या तोंडाला ओलं फडकं बांधलेलं. पाच विहिरींची बातमी तिनं सेनगावच्या बाजारात ऐकली होती, आणि उमरदऱ्याला विहीर आहे असं कुठं तरी लिहून ठेवलंय, हेही. बैलगाडीत बसून सहा कोस ती आली, ती दारातूनच बोलायला लागली. गावात विहीर न्हाई. नाल्याच्या वाळूत झिरा खणायचा, वाटी वाटी पाणी भरायचं, एक घागर भरायला अर्धा दिवस जातो. नाला कोसभर लांब. सून सुमन सात महिन्यांची गरोदर, मागल्या पंधरवड्यात भरल्या घागरीसकट दरडीवरून घसरली. लेकरू राहिलं ते नशीब. मंजुळाबाईला आता गुडघ्यानं साथ दिली तर ती स्वतः जाते, नाही दिली तर पुन्हा सुमनलाच जावं लागतं.

विश्वंभरराव उठून उभे राहिले. बाईंना बसायला स्वतःची खुर्ची दिली. (ती जमिनीवरच बसली.) मग त्यांनी अत्यंत नम्रपणे सांगितलं की मी तुम्हाला काहीही विचारू शकत नाही. बाई म्हणाली, नका विचारू, मीच सांगून राहिले की. आता न विचारता कोणी आपण होऊन सांगितलं तर त्याचं काय करायचं, याला नियम नव्हता. विश्वंभररावांना घाम फुटला. तेवढ्यात त्यांना तिसरा नियम आठवला आणि चेहऱ्यावर पुन्हा रंग आला.

“बाई,” ते म्हणाले, “पाण्याच्या बाबतीत तुम्ही तटस्थ नाही.”

बाईनं माझ्याकडे पाहिलं. मी उलगडून सांगितलं, की म्हणजे तुम्हाला पाणी हवं आहे.

“मंग कोनाला नगं?” मंजुळाबाई म्हणाली.

दगडोबानं माठातलं पाणी तांब्यात ओतून तिच्यापुढे ठेवलं, न विचारता. तिनं ते एका दमात संपवलं, पदरानं तोंड पुसलं, आणि जे बोलली ते मी शब्दशः देतो, कारण दुसऱ्याचं बोलणं शब्दशः देणं हाही आमचा एक नियम आहे:

“तुमच्या कागदात आमची विहीर हाय म्हनता. असंल. मी काय वाचाय शिकले न्हाई. ती कुठं हाय तेवढं मला दावा, म्हंजे मी कागद घेऊन जाते अन् तितंच घागर सोडते.”

विश्वंभररावांनी हात जोडले. गाव कोणत्या नंबरला आहे आणि त्यापुढे काय लिहिलंय हे गुप्त असल्यामुळे सांगता येणार नाही, पण तुमची तक्रार आपण शास्त्रीय रीतीनं पडताळून पाहू, असा शब्द त्यांनी दिला. बाई घागर तिथंच ठेवून गेली. आमचं पानी असं असतंय, बघून ठेवा, म्हणाली. मी नोंद केली: आवक क्रमांक एकतीस, घागर एक, पाण्यासह.

विश्वंभरराव शब्दाला पक्के. त्यांनी खरोखरच पडताळणी हाती घेतली. उमरदरा सहा कोसांवर, गाडीनं सकाळी निघालं तर दुपारी पोचावं, पण एका गावाला जाऊन एकशे एक्केचाळीस गावांवर अन्याय करणं त्यांच्या तत्त्वात बसेना. त्यांनी तीन वेगवेगळे कागद मागवले. एक आमचीच जुनी यादी. दुसरी एका धर्मादाय समितीची पाणपोयांची वही. तिसरी वरच्या कोणत्या तरी कचेरीनं छापलेली माहितीची पुस्तिका. तिन्हींत उमरदऱ्याला विहीर होती. इतकंच नव्हे, तिन्हींत हिवरदरीच्या ओळीत विहिरीतला पहिला वि दीर्घ होता. वीहीर.

“पाहिलंत राधाकृष्ण,” विश्वंभरराव सद्गदित होऊन म्हणाले, “तीन स्वतंत्र साधनं, आणि ऱ्हस्वदीर्घसुद्धा जुळतं!”

आता मला एक गोष्ट सांगणं भाग आहे. ती मी आतापर्यंत गुप्ततेच्या नियमाखाली झाकून ठेवली होती.

तो दीर्घ वी माझा आहे. मंडळात लागलो तेव्हा मी एकोणीस वर्षांचा, अक्षर मोत्यासारखं आणि शुद्धलेखन कच्चं. पहिलं काम मिळालं ते घोड्यांच्या जुन्या यादीची स्वच्छ नक्कल करण्याचं. तीत उमरदऱ्यापुढे काहीच लिहिलेलं नव्हतं, नुसती एक आडवी रेघ. म्हणजे विहीर नाही. वरच्या सगळ्या ओळी भरलेल्या आणि ही एकच अशी बोडकी, पानाची सगळी शोभा जात होती. मी तिथं ऐजन लिहिलं. कोणाचं वाईट व्हावं असं मनात नव्हतं, देवाशपथ. पान छान दिसत होतं. मूळ यादी वाळवीनं खाल्लेलीच होती, ती नक्कल ताडून पाहायच्या आधीच, त्याच आठवड्यात फेकून दिली. पुढे समितीनं आमच्यावरून उतरवलं, पुस्तिकेनं समितीवरून, आणि आमच्या पुढच्या अहवालात आम्ही पुस्तिकेचा आधार दिला. तीन साधनं होती, पण हात एकच होता, तो माझा.

त्या पंधरवड्यात सरकारला पाठवायची शेवटची नक्कल माझ्याकडे आली. घागर कोपऱ्यात होती. पाणी स्थिर होऊन वर नितळ दिसायचं आणि तळाला चार बोटं गाळ. मी एकेचाळीस नंबरला पोचलो आणि ऐजन न लिहिता रेघ ओढली. आयुष्यात तेवढी एकच गोष्ट मी स्वतःच्या माहितीवरून लिहिली.

विश्वंभरराव प्रत्येक नक्कल मुळाशी अक्षर अक्षर ताडून पाहत. त्यांनी मला बोलावलं. ते रागावले नाहीत, तेच वाईट झालं. त्यांचे डोळे भरून आले होते. म्हणाले, राधाकृष्ण, माहितीत ढवळाढवळ, आणि ती तुमच्या हातून? संशोधनात याच्यापेक्षा मोठं पाप नाही. त्या बाईची कीव मलाही येते, पण कीव आली म्हणून आकडा बदलायचा नसतो.

हे बोलणं अगदी बरोबर होतं. आजही कोणी मला विचारलं तर मी हेच सांगेन. फक्त आठ वर्षांपूर्वी आकडा बदलला तो मीच, एवढं एक वाक्य मला तिथं म्हणायचं होतं. ते म्हटलं असतं तर नोकरी गेली असती, आणि उमरदऱ्याला विहीर आली असती. वाक्य तोंडात आलं होतं. मी म्हणालो, “नजरचूक झाली, साहेब.” आणि पान फाडून पुन्हा लिहिलं. ऐजन. लाज वाटली. अजून वाटते. अक्षर मात्र फार सुरेख आलं.

अहवालात कोरडी गावं चारच निघाली. चार विहिरी खोदल्या गेल्या, पाचवी शिल्लक राहिली. आपल्या भागात पाण्याची स्थिती अपेक्षेपेक्षा चांगली असल्याचं हे लक्षण आहे, असं विश्वंभररावांनी प्रस्तावनेत नमूद केलं, आणि वरून शाबासकीचं पत्र आलं.

मंजुळाबाई पुन्हा एकदा आली, घागर न्यायला. विश्वंभरराव जेवायला गेले होते. तिला मी काय सांगणार होतो, कप्पाळ! पण तिच्या हातात काही तरी द्यावं असं वाटलं, म्हणून गुप्ततेचा नियम मोडून मी तिच्या गावाची ओळ एका चिठ्ठीवर उतरवून दिली, वर मंडळाचा शिक्का मारला. गाव नंबर एकेचाळीस: ऐजन. ती म्हणाली, ऐजन म्हंजे काय? मी म्हणालो, वरच्यासारखंच. तिनं चिठ्ठी उजेडाला धरून वर पाहिलं. वर कोरा कागद आणि शिक्का.

“वर तर कायीच न्हाई,” ती म्हणाली. चिठ्ठी घडी करून कनवटीला लावली आणि जिना उतरून गेली.

त्यानंतर उमरदऱ्याचं नाव नऊ वर्षं कचेरीत निघालं नाही. मधल्या काळात लढाई झाली, धान्य नियंत्रणात गेलं, लोक पळाले, परत आले, झेंडा बदलला. गेल्या महिन्यात दगडोबा बाजारातून आला तो हसतच. म्हणाला, तुमची विहीर लागली की.

झालं असं. मंजुळाबाईनं ती चिठ्ठी गावात सगळ्यांना दाखवली. शिक्का होता म्हणजे खोटं कसं म्हणावं? सरकारच्या कागदात विहीर हाय तर ती गावात हायच, मातीखाली गेली असंल, असं तिनं सगळ्यांना पटवलं. गावाबाहेर उंबराखाली जिथं उन्हाळ्यातही गवत हिरवं राहायचं तिथं चिठ्ठीवर दगड ठेवला आणि पोराला, सटवाजीला, म्हणाली, खंद. सटवाजीनं खणलं, मग शेजाऱ्यानं, मग गावानं. दोन उन्हाळे गेले. बत्तीस हातांवर पाझर फुटला. पाणी गोड, बारमाही. सुमनची पोरगी आता नऊ वर्षांची, ती लहान कळशीनं पाणी शेंदते. विहिरीला गाव म्हणतं ऐजन विहीर. हा कोणी पीर होता काय, असं पाहुणे विचारतात.

विश्वंभररावांना सांगितलं तेव्हा त्यांनी कपाटातून जुना अहवाल काढून एकेचाळीस नंबरची ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाले, म्हणजे अहवाल बरोबरच होता, फक्त थोडा आधी निघाला. नव्या राजवटीत नवीन पाहणीचा हुकूम आला आहे. तीत उमरदऱ्यापुढे काय लिहायचं, मी विचारलं. ते म्हणाले, मागच्यासारखंच. मला सतरा वर्षांत पहिल्यांदा रात्री गाढ झोप लागली.

तुम्हालाही बरं वाटलं असेल. सुमन वाचली, पोरगी पाणी शेंदते, म्हातारीच्या हाताला यश आलं. आत्ता वाचताना तुम्ही सुटकेचा श्वास सोडलात, मला इथून ऐकू आला. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

फक्त आधार देण्याचा नियम पाळायचा म्हणून सांगतो. हे सगळं मला दगडोबानं सांगितलं. त्याला सांगितलं पेमा गाडीवानानं. पेमानं सेनगावच्या बाजारात ऐकलं, कोणाकडून ते त्याला आठवत नाही, आणि तो स्वतः त्या वाटेनं गेलेला नाही. उंबर आहे की नाही, बत्तीस हात कोणी मोजले, मंजुळाबाई आज हयात आहे की गुडघे धरत अजून नाल्याकडे जाते, हे पाहायला सकाळी निघून दुपारी पोचता येतं. मी गेलेलो नाही. गेलो आणि विहीर नसली तर, असं मनात येतं, आणि मग काही तरी काम निघतं.

नव्या पाहणीच्या कागदाखाली दोन ओळी भराव्या लागतात. त्या मी भरून ठेवल्या आहेत.

लिहिणारा: राधाकृष्ण, नकलनवीस. विहीर प्रत्यक्ष पाहिली काय: नाही. खरी मानली काय: होय.

वाचणारा: आपण. ऐजन.